कोअर जास्त, मेमरी जास्त, तरी कार्ड हळू कसं? ३०६० आणि ४०६० समोरासमोर ठेवून बघू

मागच्या महिन्यात नागपूरहून भाच्याचा मेसेज आला, सोबत एक स्क्रीनशॉट. दोन ग्राफिक्स कार्डांचा तक्ता, डावीकडे आरटीएक्स ३०६०, उजवीकडे आरटीएक्स ४०६०, आणि खाली त्याचा प्रश्न, "मामा, ३०६० मध्ये कोअर जास्त, मेमरी जास्त, बस पण मोठी, मग सगळे ४०६० फास्ट का म्हणतात? नवीन आहे म्हणून?"

प्रश्न एकदम रास्त आहे. तक्ता बघितला तर कोणालाही तसंच वाटेल. ३०६० आलं फेब्रुवारी २०२१ मध्ये, ३५८४ कोअर, १२ जीबी मेमरी, १९२ बिटची बस (मेमरी आणि चिप यांच्यातली वाट), सेकंदाला ३६० जीबी बँडविड्थ (त्या वाटेवरून जाऊ शकणारा डेटा). ४०६० आलं जून २०२३ मध्ये, ३०७२ कोअर, ८ जीबी, १२८ बिट, २७२ जीबी. म्हणजे दोन वर्षांनी आलेल्या कार्डात चारही आकडे कमी. आणि तरीही १०८०पी वर बहुतेक गेममध्ये ४०६० हे ३०६० च्या साधारण १५ ते २० टक्के पुढे जातं, तेही ३०६० ला १७० वॉट लागतात तिथे ११५ वॉटमध्ये. हे कोडं एकदा नीट सुटलं ना, की मग कुठल्याही दोन कार्डांचा तक्ता वाचता येतो, म्हणून त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय.

आधी हे कार्ड करतं काय ते बघू. तुमचा मॉनिटर १०८०पी चा असेल तर त्यावर २० लाख ७३ हजार ठिपके आहेत, आणि गेम ६० फ्रेमने चालवायचा म्हणजे सेकंदातून ६० वेळा त्या प्रत्येक ठिपक्याचा रंग काढायचा. एकेक हिशोब छोटाच असतो पण असे हिशोब कोट्यवधी, आणि एकाला दुसऱ्याची वाट बघायची फारशी गरज नसते. म्हणजे लग्नघरी पोळ्या लाटायच्या असतात तसं, एकच पट्टीचा आचारी असून भागत नाही, शंभर हात लागतात. प्रोसेसर हा तो पट्टीचा आचारी आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे पोळ्या लाटणारे हजारो हात. कोअरची संख्या म्हणजे हात किती, आणि क्लॉक स्पीड म्हणजे प्रत्येक हात किती भराभर चालतो.

भाच्याच्या तक्त्यात क्लॉकची ओळच नव्हती! ३०६० चा बूस्ट क्लॉक (म्हणजे जोर लावल्यावरचा वेग) आहे १.७८ गिगाहर्ट्झ आणि ४०६० चा २.४६. हा फरक का पडला तर ३०६० ची चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर पद्धतीने बनते आणि ४०६० ची तैवानच्या टीएसएमसीकडे, ५ नॅनोमीटरच्या घराण्यातल्या पद्धतीने, त्यामुळे कमी विजेत जास्त वेगाने पळवता येते. आता गुणाकार करा, कोअर गुणिले क्लॉक गुणिले दोन (कारण प्रत्येक कोअर एका ठोक्यात गुणाकार आणि बेरीज अशी दोन कामं एकदम करतो), ३०६० चं उत्तर येतं १२.७ टेराफ्लॉप आणि ४०६० चं १५.१ (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी हिशोब). म्हणजे हात कमी असून काम १८-१९ टक्के जास्त.

आता कोणी म्हणेल की मग झालं की, टेराफ्लॉपचा एकच आकडा बघायचा आणि मोकळं व्हायचं. नाही हो, इथेच लोक फसतात. आरटीएक्स २०८० टीआय घ्या, २०१८ चं कार्ड, ४३५२ कोअर, १३.४ टेराफ्लॉप. आणि आरटीएक्स ३०७०, २०२० चं, ५८८८ कोअर, २०.३ टेराफ्लॉप. कागदावर ३०७० दीडपट, आणि गेममध्ये दोघं जवळजवळ बरोबरीत! असं का, तर २० सिरीजमध्ये दशांशाचे हिशोब करणारे हात वेगळे होते आणि पूर्णांकाचे वेगळे, ३० सिरीजमध्ये एनव्हिडियाने (ही आरटीएक्स कार्डं काढणारी कंपनी) त्या पूर्णांकवाल्या हातांना दशांशाचं कामही शिकवलं आणि त्यांनाही मोजणीत धरलं, त्यामुळे मोजणी एकदम फुगली. पण गेममध्ये पूर्णांकाचे हिशोब असतातच, ते आले की हे हात तिकडे वळतात आणि कागदावरचा तो आकडा प्रत्यक्षात मिळत नाही. ३०६० आणि ४०६० या दोघांत ही रचना सारखी आहे म्हणून तिथे गुणाकार खरा ठरला, योगायोग नाही तो.

कंपनी बदलली की तर कोअर मोजणं सोडूनच द्या. एएमडीच्या आरएक्स ६६०० मध्ये १७९२ स्ट्रीम प्रोसेसर (एएमडीने कोअरला दिलेलं नाव) आहेत, म्हणजे ३०६० च्या बरोबर निम्मे, टेराफ्लॉप ८.९, आणि १०८०पी वर साध्या गेममध्ये, म्हणजे रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा खराखुरा हिशोब) बंद ठेवून, ते ३०६० च्या अगदी मागोमाग असतं. इंटेलने डिसेंबर २०२४ मध्ये आर्क बी५८० आणलं त्याच्या माहितीपत्रकात तर २० एक्सई कोअर असं लिहिलंय. वीस! इंटेल अख्ख्या गटाला एक कोअर म्हणतं, त्या प्रत्येक गटात आत १२८ हात आहेत. तेव्हा एका कंपनीच्या एकाच पिढीत कोअर मोजायचे, त्याबाहेर तो आकडा कामाचा नाही, असं मी तरी मानतो.

आता मेमरीकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे, आणि दुकानात जाऊन "किती जीबीचं कार्ड आहे" एवढंच विचारून लोक घेऊन येतात.

मेमरीचे तीन वेगळे प्रश्न आहेत, किती मावतं, किती वेगाने येतं, आणि हाताशी किती ठेवलंय. पुन्हा त्या लग्नघरातच जाऊ. व्हीरॅम, म्हणजे कार्डावरची मेमरी, ही मागची कोठी, पीठ तेल सगळं तिथे. बस म्हणजे कोठीपासून चुलीपर्यंतची वाट किती रुंद आहे. आणि मेमरीचा स्पीड म्हणजे त्या वाटेवरून माणसं किती जोरात पळतायत. नुसती वाट रुंद असून उपयोग नाही आणि नुसतं पळून पण नाही, दोन्हींचा गुणाकार लागतो. ३०६० ची बस १९२ बिट आणि मेमरी, बसच्या प्रत्येक बिटमागे, सेकंदाला १५ गिगाबिटची, १९२ गुणिले १५ भागिले ८, उत्तर ३६०. ४०६० चं १२८ गुणिले १७ भागिले ८, उत्तर २७२. भागिले आठ यासाठी की आठ बिटचा एक बाइट. हा हिशोब कुठल्याही कार्डाला लागू पडतो. आरटीएक्स ५०६० ची बस पण १२८ बिटच आहे, पण जीडीडीआर७ मेमरी २८ गिगाबिटने पळते, म्हणून ४४८ येतं. आणि जुन्या ३०६० टीआय ची बस २५६ बिट, मेमरी १४ ची, त्याचं पण बरोबर ४४८. तेव्हा "१२८ बिट म्हणजे भंगार" असं जे सर्रास ऐकू येतं ते अर्धवट आहे, बिट एकटे बघायचेच नसतात.

पण ४०६० ला तर गुणाकार करूनही २७२ च आले, ३०६० पेक्षा कमी, मग ते पुढे कसं? उत्तर आहे ओट्यावरच्या मसाल्याच्या डब्यात. हळद, मोहरी, तिखट घ्यायला कोणी दर वेळी कोठीत जात नाही, डबा हाताशी असतो. कार्डात या डब्याला एलटू कॅशे म्हणतात, चिपच्या आतच असते, छोटी पण अतिशय वेगवान. ३०६० मध्ये ती ३ एमबी आहे आणि ४०६० मध्ये २४ एमबी, आठपट. डबा आठपट मोठा झाला की कोठीत जायच्या फेऱ्याच कमी होतात, मग वाट थोडी अरुंद असली तरी खपून जातं. एएमडीने हाच मार्ग आधी धरला होता, त्यांच्या आरएक्स ६६०० मध्ये ३२ एमबीची इन्फिनिटी कॅशे आहे आणि बँडविड्थ फक्त २२४.

याला मर्यादा आहे हे मात्र सांगायला हवं. १४४०पी वर ठिपके होतात ३६ लाख ८६ हजार आणि ४के वर ८२ लाख ९४ हजार, म्हणजे १०८०पी च्या चौपट. पाहुणे चौपट झाले की डबा पुरत नाही, फेऱ्या वाढतात आणि अरुंद वाट जाणवायला लागते. ४०६० टीआय आणि ३०६० टीआय हे दोघं समोरासमोर ठेवले की हे छान दिसतं, १०८०पी वर नवीन कार्ड पुढे असतं आणि जसजसं रिझोल्यूशन वाढवत न्याल तसतसं अंतर कमी कमी होत जातं, कारण नव्याची बँडविड्थ २८८ आणि जुन्याची ४४८. म्हणून कोणी "हे कार्ड त्याच्यापेक्षा इतके टक्के फास्ट" म्हणाला की पहिला प्रश्न हाच विचारा, कुठल्या रिझोल्यूशनला?

आता कोठीच भरली तर काय होतं. समजा एखाद्या गेमला टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) अल्ट्रावर, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जावर, ठेवून ९ जीबी लागतायत आणि तुमच्याकडे ८ आहेत. मग उरलेलं सामान कॉम्प्युटरच्या मुख्य रॅममध्ये जातं आणि लागलं की तिथून पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून (मदरबोर्डवर कार्ड बसतं ती खाच) आणावं लागतं. म्हणजे कोठीत नाही म्हणून बाजारात माणूस पाठवण्यासारखं. ४०६० ला या स्लॉटच्या फक्त ८ लेन जोडलेल्या आहेत, चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर त्यातून सेकंदाला सुमारे १६ जीबी जातात, आणि मदरबोर्ड तिसऱ्या पिढीचा जुना असेल तर सुमारे ८ च. कुठे २७२ आणि कुठे ८! ३०६० ला १६ लेन आहेत त्यामुळे जुन्या बोर्डवर पण १६ जीबी मिळतात, आणि मुळात १२ ची कोठी असल्यामुळे बाजारात जायची वेळच कमी येते. हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात "पीसीआय ४.० एक्स८" असं लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही, पण चार-पाच वर्षं जुन्या पीसीत नवीन कार्ड टाकणाऱ्याने ही ओळ सगळ्यात आधी वाचावी.

आणि ही कमतरता सरासरी फ्रेममध्ये दिसत नाही, म्हणून ती फसवी आहे. बघा, एका सेकंदात ६० फ्रेम आल्या, त्यातल्या ५९ फ्रेमना प्रत्येकी १५ मिलिसेकंद लागले आणि एका फ्रेमला ११५. बेरीज बरोबर १००० मिलिसेकंद, सरासरी ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम), कागदावर चोख. पण ती ११५ मिलिसेकंदाची एक फ्रेम डोळ्याला सरळ खुपते, वळण घेताना चित्र अडकतं आणि मग पुढे उडी मारतं, आणि असं दर दोन-चार सेकंदांनी झालं तर गेम खेळवत नाही. म्हणून चांगले टेस्ट करणारे सरासरीसोबत १ टक्का लो नावाचा आकडा देतात, सगळ्यात हळू आलेल्या एक टक्का फ्रेमच्या वेळचा वेग. मी तर तोच आधी बघतो. सरासरी ९० आणि लो ७० असेल तर ते कार्ड मला सरासरी १०० आणि लो ४० वाल्यापेक्षा केव्हाही चांगलं. स्वतःच्या पीसीवर बघायचं असेल तर आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर ही सॉफ्टवेअर टाका, स्क्रीनच्या कोपऱ्यात फ्रेमटाइमची (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेची) रेघ चालू करा, ती रेघ सपाट चालली पाहिजे, मध्येच सुळके आले की समजायचं काहीतरी अडकतंय.

अडकतं ते दर वेळी कार्डामुळेच असं नाही. त्याच कोपऱ्यात जीपीयू युसेज (कार्ड किती टक्के कामात आहे ते) दिसतो, तो ९५ च्या वर असेल तर कार्ड पूर्ण राबतंय, आणि ६०-६५ वर घुटमळत असेल तर प्रोसेसर त्याला काम पुरवू शकत नाहीये, पोळ्या लाटणारे बसलेत आणि कणीक मळून होत नाहीये अशी अवस्था. खात्री करायची असेल तर रिझोल्यूशन कमी करून बघा, फ्रेम वाढल्या नाहीत तर अडथळा प्रोसेसरचाच. अशा पीसीत दुप्पट किमतीचं कार्ड घातलं तरी फ्रेम तेवढ्याच राहणार आणि पैसे गेलेले असणार. परीक्षण करणारे मुद्दाम बाजारातला सगळ्यात तेज प्रोसेसर लावतात, जेणेकरून फक्त कार्डाची परीक्षा व्हावी, ते त्यांच्या जागी बरोबर आहे, पण तुमच्या घरी तो प्रोसेसर नाही हे लक्षात ठेवायचं. इंटेलचं बी५८० जुन्या प्रोसेसरवर इतरांपेक्षा जास्त मागे पडतं हे २०२५ च्या सुरुवातीला लक्षात आलं, तोपर्यंत तेज प्रोसेसरवरचे तक्ते बघून सगळे खूश होते.

फ्रेम जनरेशनबद्दल मात्र मला मनापासून तक्रार आहे. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी स्टेजवरून सांगितलं की ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे ४०९० ची कामगिरी देईल. ५०७० मध्ये ६१४४ कोअर आणि १२ जीबी, ४०९० मध्ये १६३८४ कोअर आणि २४ जीबी. मग बरोबरी कशी, तर ५०७० खरी एक फ्रेम काढतं आणि मध्ये तीनपर्यंत फ्रेम एआयने रचून भरतं, आणि त्या पण मोजणीत धरल्या. दिसायला चित्र नितळ होतं, ते खोटं नाही, चांगल्या मॉनिटरवर छानच दिसतं. पण माउस हलवल्यावर गेमने दिलेला प्रतिसाद खऱ्या फ्रेमच्याच वेगाने येतो, उलट थोडा उशिराच. खऱ्या ३० फ्रेम असतील तर स्क्रीनवर १२० लिहून आले तरी हाताला ३० चाच गेम लागतो. एनव्हिडियाच्या डीएलएसएसचं किंवा एएमडीच्या एफएसआरचं अपस्केलिंग वेगळं, त्यात कमी ठिपक्यांची फ्रेम काढून मोठी करतात, फ्रेम खऱ्या असतात, ते खुशाल वापरा. तुलना करताना एवढंच करायचं, दोन्ही कार्डांना सगळं बंद ठेवून एक आकडा घ्यायचा, आणि मग चालू करून दुसरा.

नावांचं पण सांगतो, कारण यात आमच्या ओळखीतल्या एका मुलाचे पैसे गेलेत. त्याने स्वस्तात मिळतंय म्हणून आरएक्स ५८० घेतलं, बॉक्सवर ५८०, ८ जीबी, सगळं ठीक. मी जीपीयू-झेड (कार्डाची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून दाखवलं, शेडर्सच्या (म्हणजे कोअरच्या) चौकटीत २३०४ पाहिजे होते तिथे २०४८ होते. ही २०४८एसपी नावाची वेगळी आवृत्ती आहे, मुळात चीनच्या बाजारासाठी काढलेली, आणि दुकानदाराने त्याला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. सरळ कंपन्यांनी काढलेल्या जोड्याही कमी नाहीत. जीटीएक्स १०६० चं ६ जीबीवालं १२८० कोअरचं आणि ३ जीबीवालं ११५२ चं, म्हणजे फक्त मेमरी कमी नव्हती. आरटीएक्स ३०६० चं पण नंतर एक ८ जीबीवालं आलं, त्याची बस १२८ बिट आणि बँडविड्थ ३६० वरून थेट २४०. नाव तेच, बॉक्सचा रंग तोच. आणि लॅपटॉपमध्ये तर ४०९० नावाच्या चिपमध्ये ९७२८ कोअर आणि १६ जीबी असतात, आणि लॅपटॉपचं ४०६० हे ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही असू शकतं, लॅपटॉप बनवणारा ठरवतो. दोन लॅपटॉपवर एकच स्टिकर आणि वेगात मोठी तफावत असं होतं ते यामुळे, तेव्हा लॅपटॉप घेताना टीजीपी (ग्राफिक्स चिपला मिळणारी वीज) किती वॉटचा हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वॉटचा विचार आपल्याकडे जरा जास्तच करायला हवा. १७० आणि ११५ मधला फरक ५५ वॉट, रोज ४ तास धरले तर वर्षाला ८० युनिट, युनिटला १० रुपये पकडले तरी ८०० रुपये. पण बिलापेक्षा मोठी गोष्ट उष्णतेची, कार्ड जेवढे वॉट खातं तेवढी सगळी उष्णता तुमच्या खोलीतच सोडतं. भाच्याची खोली वरच्या मजल्यावर, गच्चीखाली, मे महिन्यात बाहेर ४५ अंश, तिथे कूलर चालू असला तरी कार्डाचा पंखा जीव तोडून फिरतो आणि तापमान वाढलं की कार्ड स्वतःच क्लॉक थोडा खाली आणतं. एसीत बसून काढलेला आकडा आणि विदर्भातल्या उन्हाळ्यातला आकडा एकच येईल असं धरून चालू नका.

एवढं सगळं झाल्यावर मी भाच्याला विचारलं की मॉनिटर कुठला आणि करायचं काय. मॉनिटर १०८०पी, ७५ हर्ट्झ, म्हणजे ७५ च्या वरच्या फ्रेम त्याला दिसणारच नाहीत. मदरबोर्ड पीसीआय तिसऱ्या पिढीचा. आणि गेम रविवारी, बाकी आठवडाभर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ॲनिमेशनचा प्रोजेक्ट, त्याच्या एका सीनची टेक्स्चर त्याने मोजून सांगितली, साडेनऊ जीबी. ब्लेंडरमध्ये सीन कोठीत मावला नाही की रेंडर भयंकर रेंगाळतो नाहीतर मेमरी संपल्याचा एरर देऊन थांबतोच. व्हिडिओ एव्ही१ या नव्या फॉरमॅटमध्ये एन्कोड करायचा असता तर ४०६० घे म्हणालो असतो, ३० सिरीजला ते जमत नाही, पण त्याला त्याची गरज नव्हती. त्याचा ५५० वॉटचा पॉवर सप्लाय पण १७० वॉटच्या कार्डाला पुरत होता.

त्याने ३०६० घेतलं, १२ जीबीवालं. पैसे देण्याआधी बॉक्सवरची १९२ बिटची ओळ वाचून फोटो पाठवला, आणि घरी लावल्यावर जीपीयू-झेडचा.